लक्षात आहे ना?

आमच्या घरात रोज पहाटे साडेचारला दोन अलार्म वाजतात. एक दादाचा, एक माझा. दादाचा लगेच बंद होतो, माझा दर पाच मिनिटांनी पुन्हा केकाटत राहतो. आईला अलार्म लागतच नाही, तिने तोवर कणीक भिजवायला घेतलेली असते. बाबा शर्टाच्या खिशातली चिठ्ठी काढून आज काय काय आणायचंय ते बघतात. आणि आजी पदराची गाठ चाचपत म्हणते, ‘‘ही काल मी कशासाठी बांधली होती गं?’’

डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. खाली गाळा, वर घर. सकाळच्या लोकल पकडणाऱ्यांसाठी आठच्या आत पोळ्या तयार लागतात, संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी पुन्हा तेच. सणावारी पुरणपोळ्या, मोदक आणि दिवाळीत फराळ. पाच माणसं, एक धंदा आणि कामं लक्षात ठेवण्याच्या पाच वेगवेगळ्या पद्धती! मागच्या गणेश चतुर्थीला या पाच पद्धती एकमेकींवर अशा काही आदळल्या की आमच्या गणपतीचा नैवेद्य दुसऱ्याच्या घरी गेला.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठे धंदा आहे? पण तुमच्यापैकी कितीतरी जण कॉलेज सुटलं की वडिलांच्या दुकानावर बसतात. कुणाच्या घरी क्लासेस आहेत, कुणाचं मेडिकल आहे, कुणाची आई ब्लाऊज शिवते आणि डिलिव्हरी तुम्ही करता. यातलं काहीच नसेल तर निदान कॉलेज फेस्टच्या कमिटीत तरी असालच की! जिथे दोन माणसांना एकच काम लक्षात ठेवायचंय, तिथे ही भानगड आहेच.

पाच माणसं, पाच पद्धती

आधी आमच्या मंडळींची ओळख करून देते.

आजी : पदराला गाठ. दोन कामं असतील तर दोन गाठी. शिवाय तिची आणखी एक पद्धत आहे. जे काम करायचंय त्याची वस्तू ती उंबऱ्याजवळ नेऊन ठेवते. चक्कीवर जायचं असेल तर गव्हाचा डबा दारात. जाता-येता माणूस त्याला अडखळलाच पाहिजे.

आई : स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये हे कालनिर्णय सुरू केलं, तेव्हा त्याच्या चौकोनांत पोळ्यांचे हिशेब बसतील असं त्यांना वाटलंही नसेल. सिलिंडर लावला की ‘गॅ’ लिहून गोल, दूध आलं नाही की फुली, ऑर्डर असेल तर नाव आणि आकडा. किती नारळ फोडायचे, किती गूळ चिरायचा हे आई त्या चौकोनाकडे बघूनच ठरवते. तिच्या दृष्टीने चौकोनात नाही, ते जगात नाही.

बाबा : खिशातली चिठ्ठी. सत्तावीस वर्षं ते एका कारखान्यात मशिनवर होते. कारखाना बंद झाला आणि ते गाळ्याच्या काउंटरवर आले. काम झालं की चिठ्ठी फाडायची, ही त्यांची तेव्हापासूनची सवय. संध्याकाळी खिसा रिकामा म्हणजे दिवस चांगला गेला.

दादा : फोनमधलं अ‍ॅप. त्यात रंग आहेत, लेबलं आहेत, आणि काम झाल्यावर टिक केलं की ते गायब होतं. ही टिक करण्यात त्याला कसला आनंद मिळतो, ते त्याच्याच तोंडून ऐकावं. याशिवाय घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला वीसेक मेसेज.

आणि मी : अलार्म. एका वेळी बारा-चौदा तरी लावलेले असतात. प्रत्येकाला एका शब्दाचं नाव. ‘असाइनमेंट’, ‘पास’, ‘बँक’.

इथवर सगळं गोड आहे. प्रत्येकाची पद्धत त्याच्यापुरती चोख चालते. गडबड होते ती काम एकाकडून दुसऱ्याकडे जाताना.

कुणीच विसरलं नव्हतं

चतुर्थीच्या तीन दिवस आधीची संध्याकाळ. काउंटरवरचा फोन वाजला. आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एक काकू. दरवर्षी मोदक त्या घरीच करायच्या, पण यंदा मनगट फ्रॅक्चर झालं होतं. ‘‘नैवेद्यापुरते एकवीस द्याल का?’’ बाबा म्हणाले, ‘‘अहो, विचारता काय!’’ आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली.

त्यांनी ती दादाला वाचून दाखवली. दादाने अ‍ॅपमध्ये टाकलं आणि ग्रुपवर मेसेज केला, ‘काकू २१’. दादाने लिहून घेतलं हे बघितल्यावर बाबांनी चिठ्ठी फाडली. आईचे हात पिठात होते. तिने करंगळीने कसाबसा मेसेजवर अंगठा दिला. तिला वाटलं, दादा कॅलेंडरवर लिहील. अंगठा आल्याचं बघून दादाने टिक केलं. मी तेव्हा लॅपटॉपसमोर होते. बाबांनी मला हाक मारून सांगितलं होतं, ‘‘काकूंचं कॅलेंडरवर टाक गं.’’ मी ‘हो’ म्हटलं आणि रात्री नऊचा अलार्म लावला. नाव दिलं, ‘काकू’. नऊ वाजता अलार्म वाजला तेव्हा मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते. काकू? कुठल्या काकू? आठवेना. बंद करून टाकला.

चतुर्थीच्या सकाळी अकराच्या सुमाराला काकू स्वतः आल्या. एका हाताला प्लॅस्टर, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. घरी आरतीला माणसं खोळंबलेली. आईने कॅलेंडर बघितलं. त्या चौकोनात सतरा नावं होती, काकूंचं नव्हतं. सारण संपलेलं, उकड संपलेली. शेवटचा घाणा होता तो आमच्या घरच्या गणपतीचा. मोजून एकवीस.

आईने तो तसाच काकूंच्या डब्यात भरला. काकूंना तिने काही कळू दिलं नाही. आमच्या बाप्पापुढे त्या दिवशी गूळ-खोबरं ठेवलं. आजी म्हणाली, ‘‘त्याला चालतं.’’ पण आजीच्या पदराला दोन दिवसांपासून एक गाठ होती, आणि ती कशाची हे तिला आत्ता आठवलं होतं. बाबा फोनवर बोलत होते तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

दुपारी स्वयंपाकघरात जे झालं ते तुमच्याही घरी कधीतरी झालं असेल. ‘‘मी सांगितलं होतं.’’ ‘‘मी टाकलं होतं.’’ ‘‘मी बघितलं होतं.’’ गंमत म्हणजे प्रत्येक जण खरं बोलत होता. दादाची यादी कोरी होती. बाबांचा खिसा रिकामा होता. आईच्या कॅलेंडरवरची सगळी नावं पूर्ण झाली होती. पाच जणांपैकी प्रत्येकाने आपल्या पद्धतीने काम ‘संपवलं’ होतं. मोदक तेवढे कुणी केले नव्हते.

अ‍ॅप नावाचा उपाय

अनंत चतुर्दशीनंतर दादाने मीटिंग घेतली. उपाय अर्थातच ठरलेला होता. सगळ्यांनी एकच अ‍ॅप वापरायचं. त्याने सगळ्यांच्या फोनमध्ये ते घालून दिलं, आजीच्या साध्या फोनचा प्रश्न बाजूला ठेवला आणि प्रत्येक कामाला रिमाइंडर लावला.

नऊ दिवस चाललं. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘माझे हात कणकेत असतात, मी कधी बघू?’’ ती गुपचूप कॅलेंडरवर लिहीत राहिली. बाबांचा फोन काउंटरवर दिवसभर टुंग टुंग वाजायचा. त्यातले निम्मे रिमाइंडर दादाच्या कामांचे असायचे. चौथ्या दिवशी बाबांनी आवाज बंद केला. कुणाला सांगितलं नाही.

मग दादा स्वतःच बाबांचा रिमाइंडर झाला. ‘‘बाबा, बेसन आणायचंय, लक्षात आहे ना?’’ तासाभराने, ‘‘बाबा, बेसन लक्षात आहे ना?’’ निघताना पुन्हा, ‘‘बाबा, विसरू नका हं.’’ त्याच्या मनात काही नव्हतं. त्याला खरोखरच काळजी होती. पण एका संध्याकाळी बाबा पिशवी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, ‘‘सत्तावीस वर्षं मशिनवर होतो. माझ्यामुळे कधी लाइन थांबली नाही. आता बेसनासाठी तू मला तीनदा विचारतोस?’’

त्यानंतर त्यांनी काउंटरवरचा फोन उचलणं सोडलं. वाजला की ते दादाला किंवा मला हाक मारायचे. ‘‘तुम्हीच घ्या, माझ्याकडून राहून जाईल.’’

मोदक गेले त्याचं वाईट वाटलं होतंच, पण हे त्याहून वाईट होतं. कारखाना बंद झाल्यावर घरी बसलेले बाबा मला आठवत होते. काउंटरवरच्या त्या फोनने, रोज फोन करणाऱ्या गिऱ्हाइकांनी त्यांना पुन्हा बोलतं केलं होतं. आणि आम्ही तीन वेळा बेसन आठवून देऊन तो फोन त्यांच्या हातून काढून घेतला होता.

‘लक्षात आहे ना?’ हा प्रश्न आपण काळजीने विचारतो. समोरच्याला मात्र तो वेगळाच ऐकू येतो. ‘तुझा भरवसा नाही.’ आई तुम्हाला परीक्षेच्या सकाळी ‘हॉल तिकीट घेतलंस ना?’ असं चौथ्यांदा विचारते, तेव्हा तुमच्या कपाळावर आठी का येते, आठवा. अगदी तेच.

डोक्यात काय चालतं?

मी मास कम्युनिकेशन शिकतेय, मानसशास्त्र नाही. पण घरातलं भांडण एवढं डोक्यात बसलं होतं की यावर थोडं वाचून काढलं.

पुढे करायचं काम योग्य वेळी आठवणं, याला मानसशास्त्रात ‘प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी’ म्हणतात. त्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. एक वेळेवर चालणारा, म्हणजे ‘नऊ वाजता हे करायचं’. दुसरा घटनेवर किंवा वस्तूवर चालणारा, म्हणजे ‘हे दिसलं की ते करायचं’. माझा अलार्म पहिल्या प्रकारातला, आजीचा दारातला गव्हाचा डबा दुसऱ्या. वेळेवर चालणाऱ्या आठवणीचा तोटा असा की ती येते तेव्हा तुम्ही कुठे असाल, काय करत असाल, त्याच्याशी तिला देणं-घेणं नसतं. दारातला डबा मात्र तुम्ही दारात असतानाच समोर येतो.

आणि आजीची पदराची गाठ? तिला मी लहानपणापासून हसायचे. पण माझा ‘काकू’ अलार्म आणि तिची गाठ यांत फरक काय? दोन्ही फक्त एवढंच सांगतात की काहीतरी करायचं आहे. काय करायचं, ते सांगत नाहीत. म्हणजे महागड्या फोनमध्ये मी गाठच मारत होते!

दुसरी गोष्ट अपुऱ्या कामांची. ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असं तिला प्रयोगांत दिसलं होतं. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी तितका ठळक दिसला नाही, पण अर्धवट काम डोक्यात टोचत राहतं, हा अनुभव तुम्हा-आम्हाला आहेच. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी त्यापुढचं दाखवलं. काम पूर्ण व्हायला लागतं असंही नाही, ते कधी आणि कसं करायचं याची नक्की योजना झाली तरी हे टोचणं कमी होतं.

एकट्या माणसासाठी ही फार चांगली गोष्ट आहे. लिहून ठेवा आणि निवांत झोपा. पण आमच्या घरात नेमकं इथेच पाणी मुरलं. दादाने लिहून घेतल्यावर बाबांचं डोकं मोकळं झालं. आईचा अंगठा आल्यावर दादाचं. दादा लिहील म्हणून आईचं. एकाच कामाचं टोचणं पाच डोक्यांतून निघून गेलं आणि काम जिथल्या तिथे राहिलं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात पटली. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ‘ट्रान्झॅक्टिव्ह मेमरी’ ही कल्पना मांडली. एकत्र राहणारी माणसं सगळंच्या सगळं लक्षात ठेवत नाहीत, ती आठवणी वाटून घेतात. वाढदिवस आईला माहीत, विम्याचे हप्ते बाबांना. आपल्याला फक्त ‘हे कुणाला माहीत आहे’ एवढंच माहीत असावं लागतं. घर यावरच चालतं. पण ‘ते तिच्याकडे आहे’ असं याला वाटलं आणि ‘ते याच्याकडे आहे’ असं तिला वाटलं, की संपलं.

कार्ड कामाबरोबर फिरतं

हे सगळं मी एका रात्री जेवताना घरच्यांना सांगितलं. दादाने लगेच आणखी एका अ‍ॅपचं नाव काढलं. बाबा इतके दिवस गप्पच असायचे. त्या दिवशी ताटातल्या भाताकडे बघत म्हणाले, ‘‘आमच्याकडे जॉबबरोबर कार्ड फिरायचं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कुठलाही जॉब मशिनवर आला की त्याच्याबरोबर कार्ड. काय करायचंय, किती करायचंय, सगळं त्यावर. शिफ्ट बदलली, माणूस बदलला, तरी कार्ड जॉबलाच. कोण काय विसरला, हा प्रश्नच यायचा नाही. कार्ड बघायचं आणि काम सुरू करायचं.’’

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुजवलेली ‘कानबान’ पद्धतही कार्डांवरच चालते, आणि आज सॉफ्टवेअर कंपन्यांतली पोरं स्क्रीनवर तिचेच रकाने करून काम करतात. लांब कशाला जा, मुंबईचे डबेवाले बघा. १८९० पासून चालत आलेलं हे काम. एक डबा घरापासून ऑफिसपर्यंत अनेक हातांतून जातो. कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे डब्यावरच्या अक्षरं-आकड्यांच्या आणि रंगांच्या खुणा सांगतात. प्रत्येकाने सगळे पत्ते पाठ करायची गरज नाही. आठवण डब्यावर बसून प्रवास करते.

आजी म्हणाली, ‘‘मग आपणही डबाच ठेवायचा की!’’

दुसऱ्या दिवशी बाबांनी काउंटरमागे एक रिकामी फळी ठोकली. नियम साधा. ऑर्डर आली की फोन ठेवायच्या आत एक रिकामा डबा किंवा खोका घ्यायचा, त्यावर चिठ्ठी चिकटवायची. नाव, काय, किती, कधी. आणि फळीवर ठेवायचा. डबा फळीवर गेला की ऑर्डर ‘घेतली’. डबा भरून गिऱ्हाइकाच्या हातात गेला की ऑर्डर ‘झाली’. मधे टिक नाही, अंगठा नाही. रात्री झोपण्यापूर्वी आई फळीकडे बघून नारळ काढते.

अ‍ॅप कुणी काढून टाकलं नाही. दादा त्यात अजून रंग भरतो, आई चौकोनात ‘गॅ’ लिहिते, आजी गाठी बांधते. आपापली पद्धत आपापल्यापाशी. पण जे काम दोघांचं आहे, ते फळीवर.

तुमच्या घरी, तुमच्या टीममध्ये

आमच्या नैवेद्याच्या बदल्यात शिकलेल्या चार गोष्टी तुम्हाला फुकट :

● ‘झालं’ म्हणजे काय, ते आधी ठरवा. दादासाठी ‘झालं’ म्हणजे कळवलं, आईसाठी ‘झालं’ म्हणजे डबा गेला. एकाच शब्दाचे दोन अर्थ असले की घोळ होणारच. फेस्टच्या टीममध्ये ‘हॉल बुक झाला’ म्हणजे फोन केला, अर्ज दिला की सहीचं पत्र हातात आलं? विचारून घ्या.

● अंगठा म्हणजे होकार नव्हे. तो फक्त ‘बघितलं’ असं सांगतो. काम घेणाऱ्याने ‘मी करते’ असं पूर्ण वाक्य लिहावं.

● रिमाइंडरमध्ये क्रियापद लिहा. ‘काकू’ नको, ‘काकूंचे २१ मोदक कॅलेंडरवर लिही’ असं लिहा. ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ असं ठरवलं तर काम पार पडण्याची शक्यता वाढते, यावर पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये सविस्तर लिहिलंय.

● यादी तिथे ठेवा, जिथे हात काम करतात. पिठातल्या हातांना फोन उपयोगाचा नाही, आणि लोकलमधल्या माणसाला भिंतीवरचं कॅलेंडर.

फळीवर आहे का?

भांडणं संपली असं मी अजिबात म्हणणार नाही. परवाच दादाने एक डबा चिठ्ठीशिवाय ठेवला आणि आईने त्यात चटणी भरली! पण आमच्या घरातलं एक वाक्य बदललंय. आता कुणी कुणाला ‘लक्षात आहे ना?’ विचारत नाही. ‘फळीवर आहे का?’ विचारतात. प्रश्न माणसाला न लागता फळीला लागतो. फळीला काही राग येत नाही.

गेल्या आठवड्यात काउंटरवरचा फोन वाजला. मी उठणार तेवढ्यात बाबांनीच उचलला. काकूच होत्या. मनगट बरं झालंय, पण यंदाही एकवीस मोदक आमच्याकडूनच हवेत म्हणाल्या, मागच्या वर्षीचे घरच्यासारखे लागले म्हणून.

घरच्यासारखे! आईने माझ्याकडे बघितलं, मी हसू दाबलं.

बाबा फोनवर म्हणाले, ‘‘हो हो, एकवीस. एक मिनिट थांबा हं काकू, आधी डबा घेतो.’’